पैसे मोजून झाल्यावर

नाशिकच्या बाजारात मंदी दोन रस्त्यांनी शिरते. एक लासलगाव-निफाडचा, दुसरा सातपूर-अंबडचा. कांदा पडला की मेन रोडवर खेड्यातलं गिऱ्हाईक दिसेनासं होतं, आणि कारखान्यातली एक पाळी बंद झाली की सिडको-सातपूरच्या हप्त्यावरच्या खरेद्या थांबतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याच्या हातात साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये पडले. त्याने ते सरळ पंतप्रधानांना मनीऑर्डर करून टाकले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१.५७ टक्क्यांनी घसरली, आणि नाशिकला ज्यांचे मोठे कारखाने आहेत त्या महिंद्रा आणि बॉश या दोन्ही कंपन्यांना उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर करावे लागले. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या अंबडच्या छोट्या शेडवाल्यांचं काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या फेब्रुवारीत कांदा पुन्हा किलोला दोन-चार रुपयांवर आला, आणि राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान द्यावं लागलं.

साधा हिशेब असा, की गिऱ्हाईक कमी झालं तर उरलेल्याला दुकानदाराने जास्तच जपायला हवं. अनुभव नेमका उलटा येतो. मेकॅनिक आठ-आठ दिवस फिरकत नाही, काउंटरवरचा मुलगा "कंपनीला फोन करा" म्हणून मोकळा होतो, आणि टोल फ्री नंबरवर बराच वेळ संगीत ऐकून झाल्यावर फोन आपोआप कट होतो.

असं का होतं, यावर नाशिकमध्ये दोन बाजू ऐकू येतात. त्या इथे दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक शेठ: मेन रोडला फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन विकणारे, दुकान वडिलांपासूनचं. दुसऱ्या ताई: शाळेतून निवृत्त झालेल्या, ग्राहक चळवळीत रमलेल्या, लोकांना तक्रारअर्ज लिहून देणाऱ्या. ताईंच्या घरचा फ्रिज शेठकडचाच. नावं द्यायचं कारण नाही, कारण असे शेठ आणि अशा ताई नाशिकला एकेकच नाहीत.

"तुम्ही पायरी चढलात की माझ्या पोटात गोळा येतो, ताई," शेठ म्हणाले. "आज कुणाची पावती?"

ताईंनी पर्समधून काढली ती पावती नव्हती, जॉबशीट होती. गुलाबी कार्बन कॉपी, अक्षर निम्मंच उमटलेलं. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बाईंनी शेठकडून घेतलेली वॉशिंग मशीन वॉरंटीतच बंद पडली होती. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडलं, "पीसीबी उडालाय, पार्ट मागवावा लागेल" म्हणाला आणि जाता जाता बाईंच्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागून घेतला. संध्याकाळी मेसेज आला, की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मशीन तशीच उघडी पडलेली, आणि जॉबशीटवर 'काम पूर्ण, ग्राहक समाधानी' या चौकटीत टिकमार्क.

"टिकमार्क मी नाही केलेला," शेठ म्हणाले.

"बिल तुमचं आहे ना?"

"बिल माझं. मशीन कंपनीचं. मेकॅनिक फ्रँचायझीचा. आणि ओटीपी बाईंनी दिला. आता त्या पोराचाही हिशेब ऐका. त्याला पगार नाही, कॉलवर पैसे. ठरल्या वेळेत कॉल क्लोज झाला नाही तर कंपनी फ्रँचायझीचे पैसे कापते, फ्रँचायझीवाला याचे कापतो. गाडी याची, पेट्रोल याचं. पिंपळगावला जाऊन यायचं म्हणजे साठेक किलोमीटर. पार्ट गोडाऊनला नाही, हा काही याचा गुन्हा नाही. मग तो काय करणार? कॉल बंद करतो आणि सांगतो, पार्ट आला की नवीन कंप्लेंट टाका."

"म्हणजे मशीन बंद, तक्रारही बंद."

"कागदावर सगळं चालू आहे," शेठ हसले. ताई हसल्या नाहीत.

शेठचा हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. कंपनीच्या कार्यालयात जो आकडा पाहिला जातो तो बंद झालेल्या कॉलचा. दुरुस्त झालेल्या मशीनचा आकडा काढायचा तर कुणाला तरी पुन्हा फोन करून विचारावं लागतं, आणि त्या फोनचाही खर्च असतो. पडत्या काळात हा खर्च पहिला जातो. यात कुणी दुष्टपणा करतंय असं नाही. पण मोरीत उघड्या पडलेल्या मशीनसमोर उभ्या असलेल्या बाईला ही समजूत पटावी, अशी अपेक्षा कुणी करू नये.

ताईंनी बोट दुकानाच्या फलकाकडे दाखवलं. वर रंगवलेलं होतं: 'विक्री व सेवा'.

"यातली सेवा कुठे गेली, शेठ? तुमच्याकडे स्वतःचा मेकॅनिक होता. माझा फ्रिज त्यानेच दोनदा दुरुस्त केला. फोन केला की संध्याकाळच्या आत दारात."

"होता. २०२० पर्यंत होता." शेठचा आवाज जरा उतरला. "ते साल आठवा. एप्रिल ते जून अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था, सरकारच्याच पहिल्या अंदाजाने, २३.९ टक्क्यांनी आकसली. ऐन उन्हाळ्याचा सीझन, आणि दुकानाला कुलूप. तीन महिने पगार दिले, पुढे जमेना. त्याने घरीच काम सुरू केलं. आता तो माझ्याकडे परत यायचा नाही, आणि आला तरी कंपनी त्याला वॉरंटीतल्या मशीनला हात लावू देणार नाही. नंतर तरी काय सुधारलं? २०२५ चा मे पावसात गेला, एसी गोडाऊनमध्येच राहिले. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं, जीएसटी कमी होणार. बावीस सप्टेंबरला तो कमी झाला. एसीला अठ्ठावीसचे अठरा होणार म्हटल्यावर मधले पाच आठवडे कोण एसी घेणार? मी गिऱ्हाईक असतो तर मीही थांबलो असतो. पण दुकानाचं भाडं थांबलं का? कॅश क्रेडिटचं व्याज थांबलं?"

"नाही थांबलं. पण फलक तरी पुसायचा."

शेठने यावर चहा मागवला.

चहा येईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते नाशिककरांना नवं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. सहा दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नव्या नोटांची छपाई जोरात चालू होती, आणि त्याच जिल्ह्यातला शेतकरी जिल्हा बँकेच्या शाखेत स्वतःच्या ठेवीचे पैसे मागत रांगेत उभा होता. शेठचा एक नातेवाईक ग्रामीण शाखेत कॅशियर. "लोक त्याला काय काय बोलले! त्याच्या गल्ल्यात नोटच नव्हती, तो देणार कुठून? दोष दिल्ली-मुंबईचा आणि शिव्या काउंटरवाल्याला. माझंही तसंच आहे, ताई."

"अर्धंच तसं आहे," ताई म्हणाल्या. "त्या कॅशियरने बोर्डावर 'नोटा मिळतील' असं लिहून गिऱ्हाईक बोलावलं नव्हतं. तुम्ही विकताना सांगितलं होतं, काळजी करू नका, आम्ही बसलोय. त्या बाई म्हणाल्या मला. ऑनलाइन सातशे रुपये स्वस्त मिळत होती मशीन, तरी तुमच्याकडून घेतली. कशासाठी? 'आम्ही बसलोय' यासाठी."

शेठ गप्प झाले. सातशे रुपयांचा मुद्दा बाजूला सारता येण्यासारखा नव्हता, कारण ऑनलाइनवाल्यांबद्दल त्यांची स्वतःची तक्रार नेमकी हीच असते: गिऱ्हाईक दुकानात येऊन दार उघडून, ट्रे ओढून, तासभर प्रश्न विचारून जातं आणि घरी जाऊन मोबाइलवर बटण दाबतं. मग जे तसं करत नाही, त्याने दुकानदाराला जास्तीचे पैसे नेमके कशाचे दिले?

इथून बोलणं रुळावर आलं. मंदीत सेवा खालावते हे दोघांनाही मान्य होतं. वाद उरला तो इतकाच, की खालावणं अटळ आहे का.

"अटळ असतं तर सगळीकडे झालं असतं," ताई म्हणाल्या. "रविवारी सकाळी मिसळ खायला जाता ना? तेल महागलं, गॅस महागला, टाळेबंदीनंतर गिऱ्हाईकही घटलं होतं. कुठल्या मिसळवाल्याने रस्सा मोजून द्यायला सुरुवात केली?"

"केली तर दुसऱ्या रविवारी शेजारच्याकडे रांग लागेल."

"तेच म्हणते मी. टाळेबंदीत गल्लीतला किराणावाला बघा. व्हॉट्सॲपवर यादी घेत होता, पोराला स्कूटरवर पाठवत होता, वर उधारीही ठेवत होता. त्याच्यावर काय सोन्याचा पाऊस पडत होता का? त्याचं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार असतं. तुमचं फ्रिजचं गिऱ्हाईक दहा वर्षांनी."

हे सूत्र ताईंना त्यांच्याकडे येणाऱ्या तक्रारींतून गवसलं असावं, आणि ते बरंचसं खरं आहे. जिथे पैसे आधी मोजून झालेले असतात आणि पुढची खरेदी लांब असते, तिथे मंदीची कात्री पहिली चालते. क्लासची वर्षाची फी, जिमचं पॅकेज, सहलीचं बुकिंग, फ्लॅटचा ताबा, आणि वॉरंटी. यातल्या प्रत्येकात गिऱ्हाईक आधीच पैसे देऊन बसलेलं असतं. त्याला आता निघून जायची धमकीसुद्धा देता येत नाही.

शेठना हे पूर्ण मान्य नव्हतं. "दहा वर्षं फ्रिजला. पण त्याच घरात मिक्सर लागतो, टीव्ही लागतो, पोरीच्या लग्नात अख्खा सेट लागतो. मला ते घर तोडून चालत नाही. मला सेवा द्यायचीय, पण देणं माझ्या हातात ठेवलेलं नाही. ज्याच्या हातात आहे तो गुरुग्रामला बसलाय, त्याला पिंपळगाव कुठे आहे हेही माहीत नाही. परवा एका आजोबांना कॉल सेंटरवाली हिंदीत पिनकोड विचारत होती. आजोबा शेतात, रेंज नाही, फोन तुटला. शेरा काय पडला? 'ग्राहक प्रतिसाद देत नाही.'"

या वादात शेठचं सगळ्यात वजनदार बोलणं हेच. गरज आहे त्याच्याकडे अधिकार नाही, अधिकार आहे त्याला गरज नाही. मंदीने ही दरी पाडलेली नाही, रुंद मात्र केली. चांगल्या दिवसांत दुकानदार पदरचे चारशे रुपये घालून मेकॅनिक पाठवायचा आणि दरी झाकली जायची. वाईट दिवसांत ते चारशे रुपये उरत नाहीत.

ताईंनी मग अमेरिकेतली दोन उदाहरणं सांगितली. २००८ मध्ये तेल कडाडलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशाच्या पहिल्याच बॅगेला पंधरा डॉलर लावले. त्या वर्षाच्या अखेरीस तेल बॅरलला चाळीस डॉलरच्या आसपास आलं. बॅगेचे पैसे गेले नाहीत. इतर कंपन्यांनीही लावले आणि ते वाढतच राहिले. "अडचणीचं कारण सांगून काढून घेतलेली गोष्ट चांगल्या दिवसांत परत मिळत नाही, शेठ. म्हणून मी आत्ताच भांडते." दुसरं उदाहरण उलटं. जानेवारी २००९, अमेरिकेत नोकऱ्या धडाधड जात होत्या. ह्युंदाईने जाहीर केलं, आमची गाडी घ्या. वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत करा. त्या वर्षी तिथला वाहनबाजार २१ टक्क्यांनी पडला, आणि ह्युंदाईची विक्री आठ टक्क्यांनी वाढली.

"ह्युंदाईकडे पैसा होता," शेठ म्हणाले. "माझ्याकडे ओव्हरड्राफ्ट आहे."

उत्तर चोख होतं. मोठ्या कंपनीने दाखवलेलं धाडस छोट्या दुकानदाराच्या गळ्यात मारणं बरोबर नाही, आणि ताईंनीही ते पुढे रेटलं नाही. त्यांनी मोर्चा इतिहासाकडे वळवला, जिथे त्यांची तयारी पक्की असते. महाराष्ट्रातली ग्राहक चळवळ सुबत्तेत जन्मली नाही. १९७२ चा दुष्काळ, भडकलेली महागाई, रॉकेल-तेल-साखरेची टंचाई. त्याच साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. तिथल्या सभासदांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावात आणायला आणि आपसांत वाटून घ्यायला सुरुवात केली. ग्राहक संरक्षण कायदा आला तो त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ ला. "टंचाई आहे म्हणून गप्प बसा, असं तेव्हाही सांगत होते," ताई म्हणाल्या.

"आणि त्या कायद्याने काय झालं? तीन महिन्यांत निकाल म्हणे!"

शेठचा टोला वर्मी लागला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलं आहे. ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही ही मुदत सांगून पाहावी. तारखांना कंटाळून गिऱ्हाईक नवं मशीन घेऊन टाकतं, आणि कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

ताईंनी मान्य केलं. "म्हणून मी आधी १९१५ ला फोन करायला लावते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बऱ्याच कंपन्या तिथेच नरमतात. नाही नरमली तर नोटीस, मग आयोग. आता गुरुग्रामला जावं लागत नाही, तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल होते. त्या बाईंची नाशिकलाच होईल. सामनेवाला क्रमांक एक कंपनी, क्रमांक दोन तुम्ही."

"मी कशाला?"

"बिल तुमचं आहे."

यावर शेठ जे म्हणाले त्याने संभाषण भलत्याच दिशेला गेलं. "ठीक आहे, मला करा सामनेवाला. पण मग मलाही तक्रार करायचीय. कंपनी माझ्याकडे दर महिन्याला टार्गेट म्हणून माल ढकलते, पार्ट वेळेवर देत नाही, माझ्या मेलला उत्तर देत नाही. मी पण पैसे मोजूनच माल घेतो. माझी तक्रार लिहून द्याल?"

ताईंना नाही म्हणावं लागलं. कायद्यातली ग्राहकाची व्याख्या स्पष्ट आहे: पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे. शेठना त्यांचा करारनामा आणि दिवाणी न्यायालय, एवढाच रस्ता. काउंटरच्या अलीकडे उभी असलेली बाई आयोगात जाऊ शकते, पलीकडे बसलेला माणूस नाही, जरी दोघांना छळणारा एकच असला तरी. ग्राहक चळवळीने या मधल्या माणसाकडे पुरेसं पाहिलेलं नाही, असं या लेखकाचं मत आहे. चळवळीच्या नजरेला तो कायम नफेखोर दिसला. तो तसा कधी कधी असतोही.

पण मेलचं ऐकून ताई सावरून बसल्या. "तुम्ही कंपनीला मेल केले होते? या मशीनबद्दल?"

"तीनदा. नंबर, मॉडेल, सगळं लिहून."

"मग ते मला द्या. छापून, तारखेसकट. पार्ट नसताना कॉल बंद केला, हे तुमच्या मेलवरून सिद्ध होईल. कंपनीची सेवेतली त्रुटी दिसेल, आणि तुम्ही हात झटकले नाहीत हेही."

शेठ क्षणभर घुटमळले. कंपनी डीलरशिप काढून घेईल ही भीती खोटी नव्हती. सण तोंडावर होता आणि माल त्याच कंपनीकडून यायचा होता. शेवटी त्यांनी मुलाला प्रिंट काढायला सांगितलं. एकूण वादात सेवा का खालावते याचं शेठचं निदान बरोबर होतं, आणि जबाबदारी कुणाची यावर ताईंचं. फलकावर 'सेवा' लिहून गिऱ्हाईक बोलावल्यावर मंदीचं कारण पुढे करता येत नाही. आणि कंपनीला जाब विचारायचा असेल तर दुकानदाराला नुसता शत्रू करून भागत नाही, त्याच्याकडचे कागद लागतात.

अशीच मशीन ज्यांच्या घरात उघडी पडली असेल त्यांनी काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नये, आणि जॉबशीटवर 'पार्ट बाकी' असं स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी. दुकानदाराने कंपनीला काही लिहिलं असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येतं, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्याला एक रुपयाही फी लागत नाही.